नळीवरून पेटलेलं भांडण

घोळाची भाजी फारसं कुणी मुद्दाम पेरत नाही. वाफ्याच्या कडेला, विहिरीजवळच्या ओलीवर, फरशीच्या फटीत ती आपली आपण पसरते. डाळ घालून पातळ भाजी करावी, नाहीतर उपटून टाकावी, एवढाच तिचा आपला संबंध. तिचं फूल तर बहुतेकांनी नीट पाहिलेलंही नसतं. पिवळं, नखाएवढं, ऊन तापलं की उघडतं आणि काही तासांत मिटून जातं. ही भाजी इटलीतही वाटेल तिथे उगवते. १८२३ साली मोडेना शहरात एका माणसाने तिचं फूल सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यातून जे प्रकरण उभं राहिलं, ते निकालात निघायला तेहेतीस वर्षं लागली.

हा माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. जोव्हानी बात्तिस्ता आमिची शिकला होता इंजिनियरिंग, शिकवत होता गणित, आणि जीव अडकला होता भिंगांत. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक तो स्वतः घडवायचा आणि त्या काळी युरोपात त्याच्या तोडीची उपकरणं करणारे मोजकेच होते. आपलं भिंग किती चांगलं हे तपासायला काहीतरी बारीक, हलणारं लागतं, म्हणून तो पाणवनस्पतींच्या पेशींत फिरणारा रस बघत बसे. घोळाच्या फुलाकडे तो वळला तो याच नादात. स्त्रीकेसराच्या टोकाला, म्हणजे कुक्षीवर, बारीक केस असतात आणि त्या केसांच्या आत रस फिरताना दिसतो. तो रस बघताना एका केसाच्या टोकाला चुकून एक परागकण चिकटलेला होता. बघता बघता त्या कणातून एक पारदर्शक नळी बाहेर आली आणि केसाच्या अंगाला लागून पुढे सरकली. कणातले बारीक दाणे त्या नळीत ये-जा करू लागले. आमिची जवळजवळ तीन तास ते बघत राहिला.

पुढच्या साली त्याने हे छापलं. एखाद्या भिंगकाराने पाहिलेली एक गंमत, इतकंच ते राहिलं असतं. पण परागकणाचं पुढे होतं काय, हा प्रश्न तोवर सव्वाशे वर्षं लोंबकळत पडला होता.

झाडांतही नर-मादी असतात हे शेतकऱ्याला आणि बागवानाला फार जुनं ठाऊक आहे. मेसोपोटेमियातले लोक नर खजुराचे तुरे आणून मादी झाडावर बांधत. पपई लावणाराही नर झाडं ओळखून काढतो आणि बागेत थोडीच ठेवतो. पण सगळ्या फुलझाडांना हे लागू आहे, आणि फुलातली ती पिवळी धूळ नसेल तर बी धरतच नाही, हे प्रयोग करून दाखवलं रुडोल्फ याकोब कामेरारियसने. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या वनस्पती उद्यानाचा तो प्रमुख होता. एरंडाच्या तुऱ्यावर खालच्या बाजूला नर फुलं असतात आणि वर मादी. नर कळ्या उमलायच्या आत त्याने खुडून टाकल्या. बोंडं धरली, पण आत बी नाही. मक्याच्या कणसाचे केस कापले, तर दाणे भरले नाहीत. मक्याचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याकडे जाणारी वाट असते. कणसात जिथे दाणा नसतो, तिथे त्या केसावर परागकण पडलेला नसतो किंवा पडून आत पोचलेला नसतो. भांगेच्या झाडाने मात्र कामेरारियसला दगा दिला. नर झाडं नसतानाही मादी झाडावर थोडं बी धरलं. ते त्याने लपवलं नाही. वैतागून का होईना, लिहून टाकलं. २५ ऑगस्ट १६९४ या तारखेचं गीसेनच्या एका प्राध्यापकाला लिहिलेलं ते लांबलचक पत्र आज या शास्त्राचा पाया मानलं जातं.

पुढे लिनियसने १७३५ मध्ये पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून सगळ्या वनस्पतींचं वर्गीकरण केलं, आणि एका फुलात एक बायको आणि अनेक नवरे असल्या वर्णनांनी काही सभ्य मंडळी हादरली. सेंट पीटर्सबर्गच्या सीगेसबेकने ही सारी छिनालकी आहे असा गहजब केला. लिनियसने एका चिकट, क्षुल्लक तणाला त्याचं नाव देऊन टाकलं आणि ते अजून चालू आहे. कोलरॉयटरने १७६० च्या दशकात तंबाखूच्या दोन जातींचा संकर केला आणि एका फुलात हजारो परागकण असले तरी सगळं बी धरायला पन्नास-साठ पुरतात हेही मोजून दाखवलं. श्प्रेंगेल नावाच्या शाळामास्तराने १७९३ मध्ये फूल आणि कीटक यांच्या देवघेवीवर एक अप्रतिम पुस्तक लिहिलं; लोकांनी ते वाचलं नाही आणि वर्षभरात त्याची नोकरीही गेली. ही सगळी माणसं स्वतंत्र लेखाच्या तोलाची आहेत. पण यांपैकी कुणीही फुलाच्या आत काय घडतं ते सांगू शकत नव्हतं. परागकण पडतो कुक्षीवर. बीजांड असतं तळाशी, अंडाशयात बंद. मध्ये कुक्षीवृंताची दांडी, कधी दोन-तीन मिलीमीटर तर मक्यात वीतभर. एवढ्या अंतरावरून परिणाम व्हावा कसा? कुणी म्हणे परागकण आख्खाच खाली जातो, कुणी म्हणे तेलासारखा द्राव पाझरतो, कुणी म्हणे नुसता वास पुरतो.

अशा वेळी आमिचीला नळी दिसली.

पॅरिसमध्ये अडोल्फ ब्राँनियार या पंचविशीतल्या तरुणाने ती लगेच उचलली आणि एकामागून एक फुलं तपासली. नळी घोळापुरती नाही, जिथे बघावं तिथे निघते, हे त्याने दाखवलं. पण ती किती दूर जाते हे मात्र त्याला दिसलं नाही. त्याच्या मते नळी थोडी आत शिरते, फुटते आणि आतले बारीक दाणे दांडीतल्या पेशींच्या फटींतून आपले आपण बीजांडापर्यंत पोचतात. ते दाणे पाण्यात सोडले की थरथरत हलतात, हे त्याने पाहिलंच होतं. हलतात त्याअर्थी जिवंत आहेत, म्हणजे प्राण्यांच्या शुक्रजंतूंसारखेच, असा त्याचा हिशेब.

हा हिशेब लंडनमध्ये कोसळला, आणि तो कोसळताना भौतिकशास्त्राच्या पदरात एक मोठी गोष्ट पडली. रॉबर्ट ब्राऊनही १८२७ च्या उन्हाळ्यात याच प्रश्नामागे होता. क्लार्किया नावाच्या फुलाच्या परागातले दाणे त्यालाही थरथरताना दिसले. पण ब्राऊन मोठा संशयी माणूस. त्याने शंभर वर्षं वाळलेल्या झाडाचा पराग घेतला. त्यातले दाणेही हलले. मग काचेची पूड, धातूंची पूड, शेवटी इजिप्तच्या स्फिंक्सचा एक कपचा कुटून पाण्यात टाकला. तीही हलली. म्हणजे थरथरण्याचा जिवंतपणाशी काही संबंध नाही. याच थरथरण्याला पुढे ब्राऊनची गती म्हणू लागले आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्यावरून रेणूंचं गणित मांडलं. शाळेत ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या तासाला येते, त्यामुळे ब्राऊन मुळात फुलातलं फलन शोधत होता हे मुलांच्या कानावरही पडत नाही.

आमिचीने १८३० मध्ये पॅरिसला पत्र लिहून उरलेला भाग सांगितला. घोळ आणि जास्वंदीच्या कुळातली एक वनस्पती उभी चिरून त्याने पाहिलं होतं. नळी मध्येच फुटत नाही. ती वाढत वाढत सगळी दांडी पार करते आणि बीजांडाला जाऊन भिडते. एका बीजांडाला एक नळी. जितकी बीजांडं बी होतील, तितक्या नळ्या तिथवर पोचलेल्या असतात.

इथे एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. तेरडा आपल्या अंगणात पावसाळ्यात फुलतो. त्याचा ताजा पराग साखरेच्या पातळ पाण्याच्या थेंबात टाकून काचपट्टीवर ठेवला, तर काही मिनिटांतच नळ्या निघतात. बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हे करतात. आधी कणाच्या कडेला एक फुगवटा येतो, मग तो लांबट होतो आणि कणाच्या व्यासाच्या कितीतरी पट पुढे जातो. आतला रस टोकाकडे धावत असतो. वाढ फक्त टोकाशी होते; मागची नळी रिकामी होत जाते आणि मागे जागोजाग बुचं बसत जातात, म्हणजे सगळा ऐवज पुढेच राहतो. काचेवर ही नळी वाट फुटेल तिकडे जाते. फुलात मात्र ती दांडीतल्या मऊ पेशींमधून अन्न घेत नेमकी बीजांडाच्या तोंडाशी पोचते, कारण बीजांडातल्या अंडपेशीशेजारच्या दोन पेशी तिला बोलावणारं प्रथिन सोडत असतात. जपानमध्ये या पेशी लेसरने एकेक जाळून पाहिल्या, तेव्हा बोलावणाऱ्या पेशी याच, हे २००१ मध्ये पक्कं झालं. आमिचीला हे कळायची सोय नव्हती. नळी पोचते, एवढं मात्र त्याने बरोबर पाहिलं.

पोचून ती करते काय, यावरून ठिणगी पडली.

माथियास श्लायडेन हा हॅम्बर्गचा वकील. वकिली चालली नाही, नैराश्यात त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यातून वाचला आणि मग वनस्पतिशास्त्राकडे वळला. त्याच्यासारखा तिखट लिहिणारा शास्त्रज्ञ त्या शतकात दुसरा नसेल. सुकवलेल्या पानांना नावं देत बसणाऱ्या पंडितांची त्याने मनसोक्त टर उडवली. वनस्पती समजायची तर ती घडताना बघा, पेशीपासून बघा, हा त्याचा आग्रह. १८३८ मध्ये झाडाचा प्रत्येक अवयव पेशींचाच बनतो हे त्याने मांडलं, आणि प्राण्यांच्या बाजूने श्वानने तेच पुढे नेलं. पेशी सिद्धांताचे जनक म्हणून ही जोडी पाठ्यपुस्तकात बसली ती कायमची.

त्याच्या आदल्याच वर्षी श्लायडेनने परागनलिकेविषयी आपला निकाल दिला होता. नळी बीजांडात शिरते, आतल्या भ्रूणकोशाला ढकलत आत घुसते, आणि तिचं टोक फुगून तिथेच नवं रोपटं तयार होतं. म्हणजे भ्रूण परागकणातून येतो. बीजांड नुसतं उबवण्याची जागा. मग नर म्हणायचं कशाला? त्याच्या लेखी परागकण हेच अंडं, परागकोश हाच खरा अंडाशय, आणि कामेरारियसपासून सगळ्यांनी नावं उलटी दिली होती. बीज मोठं की क्षेत्र मोठं, हा वाद आपल्याकडे मनुस्मृतीतही घातलेला आहे. श्लायडेनने क्षेत्राच्या वाट्याला अन्नपाण्यापलीकडे काहीच ठेवलं नाही.

त्याला आज मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण रंग न चढवलेल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या बीजांडाचा काप वस्तऱ्याने हातानेच काढायचा म्हटल्यावर काय दिसत असेल? एका बाजूने नळी आत आलेली. समोर कोवळा भ्रूण. आणि भ्रूणाला धरून ठेवणारा पेशींचा एक देठ असतो, तो बरोबर नळीच्या बाजूलाच टेकलेला. देठ आणि नळी एका रेषेत आले की दोन्ही मिळून एकच वस्तू वाटते. ज्याच्या डोक्यात आधीच ‘नवी पेशी जुन्या पेशीच्या पोटात जन्मते’ असं बसलेलं आहे, त्याला ती तशीच दिसणार. माझ्या मते श्लायडेनचा दोष चुकीचं पाहण्यात नव्हता. दोष होता तो दुसऱ्याचं पाहणं हिणवण्यात, आणि ते काम तो फार छान करायचा.

आमिची तोवर फ्लॉरेन्सच्या वेधशाळेचा प्रमुख झाला होता. रात्री तारे, दिवसा बीजांडं. १८४२ मध्ये पाडुआला इटालियन शास्त्रज्ञांच्या परिषदेत त्याने भोपळ्याच्या फुलावरची निरीक्षणं मांडून श्लायडेनला विरोध केला. नळीच्या टोकाचा भ्रूण होत नाही. बीजांडात आधीपासून असलेल्या एका पेशीचा होतो. श्लायडेनने त्याला फाडून खाल्लं. आमिचीने उत्तराला उत्तर दिलं नाही, दुसरं झाड शोधलं. ऑर्किडची बीजांडं इतकी बारीक आणि पारदर्शक असतात की कापायची गरजच नाही, आख्खीच भिंगाखाली ठेवता येतात. शिवाय ऑर्किडमध्ये पराग पडल्यावर नळी बीजांडाशी पोचायला बराच वेळ लागतो, त्यामुळे ‘नळी येण्याआधी’ची अवस्था सावकाश तपासता येते. १८४६ मध्ये जिनोव्हाच्या परिषदेत त्याने ती दाखवली. नळी यायच्या आधीच ती पेशी तिथे बसलेली. नळी येते, शेजारी थांबते, आणि मग ती पेशी विभागू लागते. वाद खरं तर तिथेच संपायला हवा होता.

जर्मनीत त्याला साथ मिळाली ती लाइपझिगच्या एका पुस्तकविक्याची. विल्हेल्म हॉफमायस्टर वडिलांच्या संगीत-प्रकाशनाच्या धंद्यात होता. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली, विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. डोळे इतके अधू की वस्तू नाकाशी धरल्याशिवाय दिसत नसे. पण त्यामुळेच मोहरीहून लहान बीजांड भिंगाशिवाय सुईने सोलणं त्याला जमायचं. दुकान उघडायच्या आधी, पहाटे त्याचं शास्त्र चाले. १८४९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने जवळजवळ चाळीस जातींच्या फुलांमधला भ्रूण पेशी पेशी करत रेखाटून छापला. अंडपेशी नळीच्या आधीच असते, हे त्यात सगळीकडे दिसत होतं. रोस्टॉक विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली, आणि पुढे पहिली-वहिली नोकरी मिळाली ती थेट हायडेलबर्गच्या प्राध्यापकाची.

तरीही श्लायडेनचा पक्ष हटला नाही. त्याचा अनुयायी हेर्मान शाख्ट याने गुरूच्या बाजूने ढीगभर चित्रांसह प्रबंध लिहिला आणि १८५० मध्ये अॅमस्टरडॅमच्या राजसंस्थेने त्याला बक्षीस दिलं. चुकीच्या निष्कर्षाला, तेही उलट पुरावा छापून झाल्यावर. १८५५ मध्ये डेके नावाच्या संशोधकाने एका रानफुलाचा काप पुढे केला: बघा, नळीच्या टोकाला भ्रूण! शाख्टने तो निर्णायक म्हणून नाचवला. काप हातोहात फिरला आणि ज्याला जे हवं ते त्यात दिसलं.

निकाल लावला तो घरच्याच माणसाने. लुडविग राडल्कोफर येनामध्ये श्लायडेनकडेच शिकत होता. १८५६ मध्ये त्याने सगळं पुन्हा तपासलं, आमिची आणि हॉफमायस्टर बरोबर आहेत असं लिहिलं, आणि श्लायडेननेही आपलं मत सोडलं असल्याचं त्यातच नमूद केलं. शाख्टही त्याच सुमाराला फिरला. पुढे राडल्कोफरने सारं आयुष्य रिठ्याच्या कुळावर घालवलं. आणि ज्या येनामध्ये श्लायडेन शिकवत होता, तिथेच १८४६ मध्ये त्याच्या प्रोत्साहनाने कार्ल झाइस नावाच्या कारागिराने सूक्ष्मदर्शकांची कार्यशाळा उघडली होती. चांगलं भिंग हवं हा श्लायडेनचा हट्ट होताच.

आता उरलं एवढंच, की नळीतून अंडपेशीत जातं काय. हॉफमायस्टरलाही नळी बंदच वाटत होती. काहीतरी द्राव पाझरत असावा, इतकंच तो म्हणे. १८८४ मध्ये एडुआर्ड श्ट्रासबुर्गरने पाहिलं की नळीचं टोक उघडतं आणि आतून आलेलं एक केंद्रक अंडपेशीच्या केंद्रकात मिसळतं. पण नळीत नर पेशी दोन असतात. दुसरी वाया जाते, असंच धरून चालले होते.

ती वाया जात नव्हती. १८९८ च्या ऑगस्टमध्ये कीव्हला सेर्गेई नावाशिनने लिलीच्या बीजांडात दाखवलं की दुसरी नर पेशी भ्रूणकोशाच्या मधल्या केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे बाळरोपाची शिदोरी. पॅरिसमध्ये गिन्यारने १८९९ मध्ये स्वतंत्रपणे हेच छापलं. एका फुलात दोन फलनं एकाच वेळी. तांदूळ, ज्वारी, गव्हाचं पीठ हे मुख्यतः भ्रूणपोषच असतं. नारळाचं खोबरं आणि पाणीही तेच. पांढऱ्या मक्याला शेजारच्या पिवळ्या मक्याचा पराग लागला की त्याच कणसात पिवळे दाणे का उमटतात, हे कोडंही त्यामुळे सुटलं. दाण्याच्या पिठातही बापाचा वाटा असतो.

विसाव्या शतकात हे शास्त्र दिल्लीत येऊन रुजलं. जयपूरचे पंचानन माहेश्वरी १९४९ पासून दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख होते, आणि १९५० मध्ये निघालेलं त्यांचं भ्रूणविज्ञानाचं पुस्तक जगभर लावलं गेलं. त्यांच्या विभागात कांता, रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी १९६२ मध्ये अफूची बीजांडं फुलातून काढून काचनळीत ठेवली, वर पराग शिंपडला आणि तिथेच बी तयार करून दाखवलं. कुक्षी नाही, दांडी नाही. नळीचा प्रवास नुसता काठापर्यंत.

दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याच विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे कोवळे परागकोश अन्नद्रावावर ठेवले होते. काही आठवड्यांनी त्यातून इवले भ्रूण डोकावू लागले. परागकोशाच्या भिंतीतून आले असतील, अशी शंका आधी आली. तपासल्यावर कळलं, ते परागकणांतूनच उगवले होते. अंडपेशी नाही, बीजांड नाही, फलन नाही. श्लायडेनने सांगितलं होतं तसं, परागकणाचंच रोप. फरक एवढाच, की त्यातली गुणसूत्रं निम्मी होती, आणि फुलात हे आपणहून घडत नाही; घडवावं लागतं. अशा रोपाची गुणसूत्रं कोल्चिसीन या रसायनाने दुप्पट केली की एकाच पिढीत शुद्ध वाण हाती येतो, ज्याला एरवी सहा-सात हंगाम निवड करत बसावं लागतं. चीनमध्ये भात आणि गव्हाचे वाण या रीतीने काढले गेले.